ये गं, तंगी

बाबांची नजर अधू व्हायला लागली तेव्हा त्यांच्या कथेची सात प्रकरणं लिहून झाली होती आणि पाच राहिली होती. काचबिंदू होता. मिरजेच्या डॉक्टरांनी ‘आहे तेवढी नजर राखू’ असं सांगितलं, पण तेवढीही राहिली नाही. आधी त्यांना फळ्याच्या कडा दिसेनाशा झाल्या, मग मुलांचे चेहरे, आणि एका उन्हाळ्यात त्यांनी आपल्याच हातानं लिहिलेलं पान माझ्यासमोर धरून विचारलं, “शमुवेल, हे सुलटं आहे का रे?” पान उलटं होतं. मी ते सुलटं करून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी ते परत माझ्याच हातात दिलं आणि म्हणाले, “तूच ठेव. आता मी सांगेन आणि तू लिही.” मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. ती जबाबदारी मला बहुमानासारखी वाटली होती.

बाबा कोल्हापुरात चर्चच्या आवारातल्या शाळेत मराठी शिकवत आणि उरलेल्या वेळात ख्रिस्ती कुटुंबांसाठी कथा लिहीत. साठ-सत्तर पानांची पातळ पुस्तकं असायची. उपासनेनंतर ती दाराशी टेबलावर मांडली जात, आणि त्यांचे गठ्ठे कोडोली, गडहिंग्लजपर्यंत खेडोपाडीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना जात. त्या कथांत एक कुटुंब असे, त्या कुटुंबात एक लपवलेलं पाप असे, आणि शेवटच्या प्रकरणात ते पाप करणारा उभा राहून कबूल करी. त्याला कुणी बाहेर काढत नसे. ज्यांच्या घरात पुस्तक म्हणून पवित्र शास्त्र आणि गायनांचं पुस्तक एवढंच होतं, त्यांच्यासाठी बाबांच्या कथा ही तिसरी वस्तू होती. त्या कशा होत्या हे मला आज नीट सांगता येत नाही. साध्या होत्या. त्यांत खोटं काही नव्हतं, एवढं मात्र खात्रीनं सांगतो.

आमचं घर म्हणजे आवाराच्या कडेच्या चाळीतल्या दोन खोल्या. पहाटे पलीकडच्या तालमीतून शड्डूचे आवाज यायचे आणि थंडीत नदीकडच्या गुऱ्हाळांचा वास थेट अंथरुणात शिरायचा. संध्याकाळी आई भाकऱ्या थापायला बसली की तो थप थप आवाज ऐकून शेजारपाजारची माणसं ओळखायची की आता वाचन सुरू होणार. आमच्याकडे आधी प्रार्थना, मग कथेचं एक प्रकरण, आणि मगच जेवण असा नेम होता. आई रोज कुरकुरायची, “गोष्ट गरम आणि भाकरी गार!” बाबा हसायचे, पण नेम बदलत नसत. खरडा, भाकरी, कधी झुणका, रविवारी मटण. मटणाच्या दिवशी प्रकरण लहान निवडावं असं आईनं एकदा सुचवलं होतं आणि बाबांनी ते गंभीरपणे मान्य केलं होतं.

या वाचनाला न चुकता येणाऱ्या म्हणजे एस्तेरबाई. मुलींच्या बोर्डिंगच्या त्या बाई होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्याबरोबर त्यांची भाची असायची, सुशीला, नऊ-दहा वर्षांची. बहीण आणि मेहुणा पटकीच्या साथीत गेले म्हणून तान्हेपणापासून बाईंनीच तिला वाढवलेलं. येताना त्यांच्या हातात वाटी असायचीच. त्यांच्या गडहिंग्लजकडची पुंडीची भाजी, नाहीतर शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडच्या बायकांसारखं त्याही ‘मी आलो, मी बसलो’ म्हणायच्या, पण त्यांचा एक शब्द मात्र अख्ख्या आवारात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. कोणतीही मुलगी असो, त्या तिला ‘तंगी’ म्हणायच्या. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. “ये गं तंगी.” “रडू नगंस तंगी, आई पत्र घालती की.” बोर्डिंगच्या मुली पाठीमागं त्यांनाच तंगीबाई म्हणत आणि आजारी पडल्या की त्याच शब्दासाठी त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसत.

लिहिण्याचं काम दुपारी चालायचं. बाबा वेताच्या खुर्चीत बसून, मिटायची गरज नसलेले डोळे मिटून सांगायचे. विरामचिन्हंसुद्धा सांगायचे. “रखमा उंबऱ्याशी थांबली, पूर्णविराम. नवा परिच्छेद.” त्या कथेचं नाव ‘रखमेची ओंजळ’. रखमा ही दुष्काळातली एक विधवा. वैधव्यात तिला मूल होतं, आणि ते पोरकं मूल देवळाच्या पायरीवर सापडलं असं ती लोकांना सांगते. बारा वर्षं ती त्या खोट्याबरोबर जगते आणि शेवटी मंडळीपुढे उभी राहून म्हणते, ही माझी लेक आहे. बाबांनी ही कथा कुणावरून घेतली नव्हती. दुष्काळावर लिहायचं त्यांच्या मनात कितीतरी वर्षं होतं, आणि पहिली सात प्रकरणं लिहिली तेव्हा एस्तेरबाई कोल्हापुरात आलेल्याही नव्हत्या. हे मी अगदी शपथेवर सांगू शकतो. ते तेव्हा सांगायला हवं होतं.

मी त्या वर्षी शहरातल्या वाचनालयातून कादंबऱ्या आणून वाचत होतो आणि मला बाबांची माणसं बिनचेहऱ्याची वाटायला लागली होती. ती बोलायची, पण कुणाच्या तोंडानं बोलतात ते कळायचं नाही. मी एकदा धीर करून तसं म्हणालो. बाबा म्हणाले, “चेहरा वाचणाऱ्यानं आपला घालायचा असतो, शमुवेल. मी दुसऱ्याचा घातला तर तो म्हणेल, हे माझं पाप नव्हे, अमक्याचं आहे.” मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी आठव्या प्रकरणात रखमा विहिरीवरून लेकीला हाक मारते तिथं आम्ही आलो. बाबा म्हणाले, “‘ये गं बाई,’ रखमा म्हणाली, पूर्णविराम.” मी लिहिलं, ‘ये गं तंगी.’ तो शब्द कागदावर उतरला आणि ते वाक्य उठून बसलं. आपण लेखक आहोत असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. उरलेल्या पाच प्रकरणांत मी तो शब्द नऊ ठिकाणी घातला.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती नुसती हौस होती. ते पुरं खरं नाही. त्याच्या आधी महिनाभर, एका रविवारी मी उपासना चुकवून टॉकीजच्या रांगेत उभा होतो आणि एस्तेरबाईंनी मला पाहिलं होतं. त्यांनी ते बाबांना सांगितलं. बाबांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत. त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढंच. त्यापेक्षा मार परवडला असता. तो डूख माझ्या मनात होता. हात लिहीत होता तेव्हा तो कुठंतरी दौतीत उतरला असणार. मी प्रकरणं बाबांना वाचून दाखवायचो तेव्हा ‘तंगी’ आलं की बिनचूक ‘बाई’ वाचायचो. संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचतानाही तसंच. एस्तेरबाई समोर पाय दुमडून बसलेल्या असायच्या, सुशीलेचं डोकं त्यांच्या मांडीवर असायचं, आणि रखमेच्या हालांची वेळ आली की त्या पदरानं डोळे पुसायच्या. “लई सोसलं गं बाईनं,” असं त्या सुशीलेला सांगायच्या.

कागद छापखान्यात नेण्याचं आणि मुद्रितं तपासण्याचं कामही माझंच. छापखान्यात रंगराव म्हणून खिळे जुळवणारे होते, पान खाऊन लाल झालेल्या दातांचे, मोठ्यानं बोलणारे. पहिली मुद्रितं बघायला गेलो तर त्यांनी हातानंच मला जवळ बोलावलं.

“पोरा, ह्ये ‘तंगी’ काय रं? पैशाची तंगी असती, धान्याची असती. ही बाई तंगीला घरात ये म्हनतीया व्हय? आमच्यात तर न बोलवता येती की!”

छापखान्यातले सगळे हसले. मी म्हणालो, “कानडी शब्द आहे. धाकटी बहीण.”

“आसं व्हय. आन् असं बोलतंय कोन तुमच्यात?”

मी मुद्रितातली एक वेलांटी सुधारली. रंगरावांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “बघ हां. खिळं जुळीवलं तरी काडता येत्यात. छापल्यावर न्हाय काडता येत.”

“राहू द्या. बाबांनीच सांगितलंय.”

“गुर्जींनी सांगितलंय म्हंजे असंल,” असं म्हणून ते पुन्हा खिळ्यांकडे वळले. एका परक्या माणसाला जे दिसलं ते मला दिसत नव्हतं असं नाही. आपला शब्द छापून येणार, या एका विचारापुढे मला ते दिसू द्यायचं नव्हतं.

पुस्तक आलं. बाबांनी ते हुंगलं, पानांवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, “शाई चांगली बसली आहे.” आईनं शिरा केला. पहिले आठ-दहा दिवस काही झालं नाही. मग एका संध्याकाळी एस्तेरबाई आल्या नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी नाही, तिसऱ्याही नाही. आईनं मला बोर्डिंगवर पाठवलं तर दार लोटलेलं होतं आणि आतून सुशीला म्हणाली, “मावशी झोपलीया.” दिवसाउजेडी झोपणारं ते माणूस नव्हतं. नळावर मात्र आईच्या कानावर पडलं. एक बाई दुसरीला म्हणत होती, “गुरुजींनी बाईच्या पोटातलं वठावर आणलं बघ. भाची म्हणं! धा वर्सं झाकलं, पन बोलनं कुठं झाकतंय?” आई बादली अर्धी भरून तशीच परत आली. तिला वाचता येत होतं, पण बाबांच्या कथा ती नेहमी कानानंच ऐकायची. त्या दिवशीही तिनं पुस्तक उघडलं नाही. तिनं बाबांना सांगितलं ते एवढंच, की लोक वाईट बोलतायत.

आणि मग एका दुपारी एस्तेरबाई स्वतः आल्या. हातात वाटी नव्हती, पुस्तक होतं. पदर डोक्यावर होता, पण चेहरा महिनाभर आजारी असल्यासारखा. बाबा खुर्चीत होते, मी टेबलाशी, आई चुलीपाशी.

“गुरुजी,” त्या दारातूनच म्हणाल्या, “मी कधी वाईट वागलो का तुमच्याशी?”

बाबा आवाजाच्या दिशेनं उठून उभे राहिले. “बसा एस्तेरबाई. काय झालं?”

“बसत न्हाई. गावाकडनं पोरींचे आईबाप यायलेत. बाई, तुमची भाची का लेक, असं तोंडावर विचारत्यात. ज्याला वाचाय येत न्हाई त्यो दुसऱ्याकडनं वाचून घेतोय. माझा शब्द कशाला घातला तुम्ही त्या रखमीच्या तोंडात?”

“कुठला शब्द?”

“तंगी.”

बाबांच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. “मी असा शब्द सांगितला नाही,” असं म्हणून ते माझ्याकडे वळले. बरोबर माझ्याकडे नाही, थोडे भिंतीकडे. “शमुवेल, पुस्तक घे आणि वाच.”

पुस्तक एस्तेरबाईंनी माझ्यापुढे उघडून धरलं. पानाचा कोपरा दुमडलेला होता. आता तिथं ‘बाई’ वाचता येणार नव्हतं, कारण त्या माझ्याबरोबर ओळीवर बोट ठेवून उभ्या होत्या. मी वाचलं, “‘ये गं तंगी,’ रखमा म्हणाली.” चुलीवर काहीतरी उतू गेलं आणि आईनं ते उतरवलं नाही. मी मान वर करून म्हणालो, “बाबा, तुम्हीच सांगितलं होतं.”

हे वाक्य मी त्यानंतर आयुष्यात मनातल्या मनात किती वेळा ऐकलं असेल, ते सांगता येत नाही. ते म्हणताना माझा आवाज थरथरला नव्हता. बाबांच्या कथांतली मुलं अशा वेळी रडत, पायांवर पडत. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की आत्ता ही वेळ टळू दे, नंतर केव्हातरी सगळं सांगता येईल. त्या कथांवर वाढल्यामुळे मला वाटायचं, कबुलीचं प्रकरण पुढं असतंच, ते आपोआप येतं. आपण फक्त तिथवर पोचायचं. आयुष्याला बारावं प्रकरण असेलच असं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाबा पुन्हा दाराकडे वळले. मग त्यांनी हात जोडले. “असेल. माझ्याच तोंडून गेलं असेल, एस्तेरबाई. तुमचा शब्द रोज कानावर पडायचा. मला क्षमा करा.”

“तुम्हाला क्षमा करतो हो गुरुजी,” त्या म्हणाल्या. आता त्या रडत होत्या. “मला तर दुसरं काय करता येतंय? पन पोरीला काय सांगू?”

बाबांनी आपल्याला सुचलं ते केलं, आणि त्यानंच सगळं संपलं. त्यांनी मला एक पत्र लिहायला सांगितलं. पुढच्या रविवारी ते पाळकसाहेबांनी मंडळीपुढे वाचलं. त्यात बाबांनी म्हटलं होतं, ‘माझ्या लिखाणानं एस्तेरबाईंना दुःख झालं, त्याचा दोष सर्वस्वी माझा आहे, मी त्यांची माफी मागतो.’ मीच ते माझ्या हातानं लिहिलं, विरामचिन्हांसकट, एकही शब्द न बदलता. ज्यांना तोवर काही माहीत नव्हतं त्यांनाही त्या दिवशी कळलं. आणि लोक म्हणाले, गुरुजींसारखा माणूस माफी मागतो म्हणजे लिहिलंय ते बाईंवरूनच. आणि गुरुजी खोटं लिहीत नाहीत. शाळा उघडायच्या आत एस्तेरबाई सुशीलेला घेऊन गडहिंग्लजच्या एसटीत बसल्या. ट्रंक पोचवायला आई गेली होती. मी गेलो नाही. उरलेले गठ्ठे बाबांनी परत मागवून घेतले आणि आईनं ते पाणी तापवायला वापरले.

बाबांनी परत कथा सांगितली नाही. संध्याकाळी प्रार्थना व्हायची आणि मग लगेच जेवण. भाकरी गरम असायची. आईनं त्याबद्दल कधी अक्षर काढलं नाही. वर्षभरानं मी त्यांचा हात धरून रंकाळ्यावर फिरायला नेत होतो तेव्हा रस्ता ओलांडता ओलांडता मध्येच थांबून त्यांनी विचारलं, “शमुवेल, मी खरंच ‘तंगी’ म्हटलं होतं का रे?” मागून टांगेवाला ओरडत होता. मी म्हणालो, “हो बाबा.” ते म्हणाले, “मला आठवतच नाही. डोळे गेले तसं आता तेही जाणार असेल.” त्यानंतर ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायला लागले. आज वार कोणता, मी औषध घेतलं का, हे मी आधी बोललो का. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं. त्यांचं वय तेव्हा छप्पन्न होतं. तिसऱ्या वर्षी ते गेले. शेवटच्या आठवड्यात मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज कुणीतरी भेटायला आलेलं असायचं. जरा बरं नसल्याचं निमित्त असायचं, कधी त्यांचं, कधी माझं. त्यांना सगळं ठाऊक होतं की काहीच नव्हतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, तेही कळलेलं नाही.

आईही गेली तेव्हा मी पंचेचाळिशीला आलो होतो. तोवर मी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या वर्षी मी गडहिंग्लजला गेलो. एस्तेरबाई चार वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. सुशीला तिथं प्राथमिक शाळेत शिकवत होती, एकटीच राहत होती. मी नाव सांगितलं तेव्हा तिनं मला घरात घेतलं, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, आज इथं लिहिलं तसंच, डुखासकट. संपल्यावर तिनं पदराच्या टोकाची एक सुटलेली दशी तोडली.

“मावशी तुमच्या वडलांसाठी रोज प्रार्थना करायची,” ती म्हणाली. “रोज. गुरुजींना माफ कर म्हणायची. म्हंजे ती सगळी माफी चुकीच्या माणसाला गेली की.”

मी म्हणालो, “म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

“मी काय करू? ते तिचं काम होतं. मी केलं तर ते माझं होईल, तिचं कसं होईल?” मग ती म्हणाली, “आणि माझं म्हणाल तर एक सांगतो. इथं आल्यावर मीच तिला विचारलं होतं, मावशी, तू माझी आई हाईस का? दहा वर्षांची होतो मी. आठ दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई. मग म्हणाली, न्हाई. पन मी त्या आठ दिवसांत अडकून बसलो बघा. मला अजून ठाऊक न्हाई. कधी कधी वाटतं, असतं खरं तर बरं झालं असतं.”

मी तिच्या पायांकडे वाकलो असेन. ती खुर्ची मागे सरकवून उठली. “नको नको. चहा ठेवतो. साडेपाचची गाडी मिळंल तुम्हाला.” चहा चांगला होता. मी तो पुरा प्यायलो. तिनं कप उचलला, आणि मी साडेपाचच्या गाडीनं परत आलो.

अजून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी उपासनेला जातो. प्रभुभोजनाची, मनातलं पाप कबूल करून भाकर आणि द्राक्षरस घ्यायची, वेळ आली की माझ्या ओळीतले सगळे उठून पुढं जातात आणि कठड्याशी गुडघे टेकतात. मी बाकावरच बसून राहतो. नवीन पाळकांनी एकदा आपुलकीनं विचारलं, तब्येत बरी नाही का? मी त्यांना सांगितलं, गुडघे दुखतात.